थंडीत बागेला पाणी दिलं की ऊब कशी येते?

प्रश्न असा आला आहे: "मी अकरावी विज्ञानला आहे. निफाडजवळ आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. थंडी वाढली की वडील पहाटे तीनला उठून ड्रिप चालू करतात. पाणी तर थंड असतं, मग बागेला ऊब कशी मिळते? आणि पुस्तकात पाण्याचे सात-आठ गुणधर्म दिलेत: विशिष्ट उष्मा, पृष्ठताण, केशाकर्षण वगैरे. हे सगळे सुटे सुटे पाठ करायचे, की त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे?"

तीस वर्षं द्राक्षबागांमधून सल्ला देत फिरतोय. तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग मला आजवर एकाही बागायतदाराने विचारला नाही, आणि उत्तर खरं तर तिथेच आहे. पण सुरुवात वडिलांच्या मोटरीपासून करू.

पहाटे बोरचं पाणी ड्रिपच्या नळीतून बाहेर पडतं तेव्हा त्यात हात घालून बघ. कोमट लागेल. विहिरीवर त्या वेळी वाफाही दिसतात. जमिनीत खोल साठलेल्या पाण्याला रोजची थंडी किंवा ऊन कळत नाही. ते साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानावर राहतं. आपल्याकडे ते २४-२५ अंश धर. बाहेर हवा ६ अंशांवर असताना २४ अंशांचं पाणी म्हणजे गरम पाणीच.

आता थोडा हिशेब करू. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरभर बागेत जवळपास ९७० वेली बसतात. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असले, तर दोन तासांत साडेपंधरा हजार लिटर पाणी पडतं. ते २४ वरून ८ अंशांपर्यंत थंड होताना प्रत्येक लिटर १६ किलोकॅलरी उष्णता सोडतं. सगळी मिळून अडीच लाख किलोकॅलरी होते. एवढी उष्णता लाकडातून काढायची तर एकरी साठ किलोच्या वर सरपण जाळावं लागेल. शिवाय शेकोटीची ऊब बरीचशी सरळ आभाळात जाते. धुराचं पांघरूण होतं असं आपल्याकडे ठामपणे सांगतात, पण जमिनीतून निसटणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. धुराने डोळे मात्र चुरचुरतात.

पाण्यातली उष्णताही सगळी घडांपर्यंत पोचते असं नाही. बरीच मातीत मुरते. पण माती ओली झाली की तीच कामाला लागते. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते आणि हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही, म्हणून दिवसाचं ऊन वरच्या बोटभर थरातच अडकतं आणि सूर्य मावळला की पटकन उडून जातं. ओल्या मातीत ऊन खोल उतरतं, साठतं आणि रात्रभर हळूहळू वर येतं. म्हणजे बागेला पाणी पहाटे देण्यापेक्षा एक-दोन दिवस अगोदर दुपारपर्यंत दिलेलं जास्त उपयोगी. लाईटचं वेळापत्रक हे ऐकून घेत नाही, आणि रात्री बिबट्याच्या भीतीने शेतात जायचं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. पण जमेल तेव्हा दिवसा द्यावं.

आता पाणी एवढी उष्णता धरून का ठेवतं ते बघू. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जेमतेम पाचव्या हिश्शात एक किलो कोरडी माती तेवढीच तापते. कारण पाण्याच्या रेणूच्या बांध्यात आहे. ऑक्सिजनचा एक अणू, हायड्रोजनचे दोन, आणि ते एका रेषेत नसून १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेले. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन राहते. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला हात देतो. हाच हायड्रोजन बंध. मोठ्या मैदानात हजारो मुली फुगड्या घालताहेत असं समज: हात धरायचा, सोडायचा, लगेच दुसरीचा धरायचा. पाण्यात ही सोडधर सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात होते. एकेक पकड कमजोर असते, पण कुठल्याही क्षणी बहुतेक हात कुणाच्या ना कुणाच्या हातात असतात.

तापमान वाढणं म्हणजे रेणूंची धावपळ वाढणं. पाण्याला उष्णता दिली की तिच्यातली बरीच आधी हात सोडवण्यात खर्च होते आणि उरलेली धावपळीला मिळते. थंड होताना उलट घडतं: हात पुन्हा धरले जातात आणि अडकलेली उष्णता बाहेर पडते. वडील पहाटे जमिनीवर सोडतात ती हीच.

या पकडी नसत्या तर काय झालं असतं, हे पाण्याच्या चुलत भावाकडे बघून कळतं. ऑक्सिजनच्या जागी गंधक ठेवलं की हायड्रोजन सल्फाइड होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळपास दुप्पट जड. जड रेणूंना उडायला जास्त उष्णता लागायला हवी, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो, कारण त्याच्या रेणूंची एकमेकांशी पकड अगदी लेचीपेची असते. हलकं पाणी मात्र १०० अंशांपर्यंत दम धरतं. त्या भावासारखं वागलं असतं तर पृथ्वीवर एक थेंबही द्रवरूपात राहिला नसता.

तुझ्या यादीतले बाकीचे गुणधर्मही या धरसोडीतूनच निघतात. म्हणून पाठांतर करू नकोस. बागेतून एक फेरी मारू.

आधी माझी एक चूक सांगतो. सल्ला द्यायला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी एक उशिरा छाटलेली बाग माझ्याकडे होती, शेंडे कोवळे. थंडीची लाट येणार होती. फ्रान्समध्ये शाब्लीच्या बागांत कडाक्याच्या थंडीत वेलींवर तुषार मारतात आणि काडीवरचे डोळे, म्हणजे फुटणारे कोंब, बर्फाच्या कवचात सुरक्षित राहतात, हे मी वाचलेलं होतं. मीही पहाटे वेलींवर तुषार सुरू करायला सांगितलं. तासाभरात लाईट गेली. हवा कोरडी होती, वर बारीक वारा सुटला. सकाळी ओल्या केलेल्या ओळींचे शेंडे करपले होते आणि शेजारच्या कोरड्या ओळी ठीक होत्या.

काय चुकलं ते आकड्यांत दिसतं. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी सोडतं. सगळे हात घट्ट धरले जातात ना, त्याची ही उष्णता. पण एक ग्रॅम पाणी हवेत उडून जाताना, म्हणजे एकूण एक हात सोडवताना, त्या थंडीत जवळपास ५९० कॅलरी घेऊन जातं, सातपटीहून जास्त. शाब्लीत तुषार अखंड चालू राहतात, सूर्य वर येऊन बर्फ वितळेपर्यंत; त्यामुळे गोठण्याची मिळकत उडण्याच्या खर्चाला पुरून उरते. मी मिळकत मध्येच बंद केली आणि खर्च चालू ठेवला. ओलं फडकं अंगावर घेऊन वाऱ्यात उभं राहावं, तशी त्या शेंड्यांची गत झाली. तेव्हापासून थंडीसाठी पाणी जमिनीवरच, पानांवर नाही.

त्या बागेत जे मारक ठरलं तेच एप्रिल-मेमध्ये तारक होतं. घरचा माठ याच हिशेबाने गार राहतो, आणि वेलही. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्याच्या छाटणीनंतर, पानांचा विस्तार वाढला की भर उन्हाळ्यात एक वेल दिवसाला दहा लिटर पाणी सहज हवेत सोडते. त्या तापमानाला लिटरमागे ५८० किलोकॅलरी धरली तर दिवसाला ५,८०० किलोकॅलरी उष्णता. दीड टनाचा एसी सव्वा तास पूर्ण ताकदीने चालवल्यासारखं, आणि तेही प्रत्येक वेलीला. दुपारी दोनला पाणी व्यवस्थित असलेल्या वेलीचं पान आणि ताणावर असलेल्या वेलीचं पान, दोन्ही गालाला लावून बघ. फरक हातापेक्षा गालाला लवकर कळतो. मी अजूनही बागेत तसंच बघतो, लोक हसतात.

आता हे दहा लिटर वर चढतं कसं? इथे पुस्तकांशी माझं थोडं भांडण आहे. बऱ्याच ठिकाणी "केशाकर्षणामुळे पाणी वर चढते" एवढं लिहून पुढे जातात. केशनलिकेत पाणी किती चढेल ते तिच्या त्रिज्येवर ठरतं. १० मायक्रॉन त्रिज्येच्या नळीत साधारण दीड मीटर, ५० मायक्रॉनच्या नळीत जेमतेम ३० सेंटिमीटर. द्राक्षवेलीच्या जलवाहिन्या तर झाडांमध्ये चांगल्या रुंद. नुसत्या केशाकर्षणाच्या भरवशावर पाणी ओलांड्यापर्यंतही, म्हणजे खोडावरून आडव्या गेलेल्या फांदीपर्यंतही, पोचणार नाही, आणि कॅलिफोर्नियातल्या ११५ मीटर उंच रेडवूडचं नावच काढायला नको.

बरोबर उत्तर १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी मांडलं. पान उन्हात पाणी सोडतं, तेव्हा पानातल्या पेशींच्या भिंतींमध्ये पाण्याचे अतिसूक्ष्म वक्र पृष्ठभाग तयार होतात. तिथला पृष्ठताण मागच्या पाण्याला ओढतो. मागचं पाणी त्याच्या मागच्याला. हात धरलेलेच असतात, त्यामुळे मुळांच्या टोकापर्यंत अखंड दोर तयार होतो, आणि तो दोर सूर्य ओढत असतो. केशाकर्षण खोटं नाही. त्याचं खरं काम पानाच्या त्या सूक्ष्म भिंतींमध्ये आहे, खोडाच्या नळीत नाही.

हा दोर किती ताणलेला असतो? मोटरीचा पंप वर ठेवून पाणी ओढायचं तर दहा मीटरच्या खाली ते जमत नाही, हे विहिरीवरचा कुणीही सांगेल. कारण तिथे पाणी वर ढकलतो तो वातावरणाचा दाब, आणि तो एवढाच. द्राक्षवेलीत दुपारी पाण्यावरचा ताण १० ते १४ बारपर्यंत जातो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. तिच्या पाच-सहापट ताकदीने, आणि तीही उलट्या दिशेने, पाणी खेचलेलं असतं. हा ताण मोजायला आम्ही पान देठासकट कापून दाबपात्रात बसवतो, देठाचं टोक बाहेर ठेवतो आणि देठातून पाणी डोकावेपर्यंत आत दाब वाढवतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा या निमूट उभ्या वेलीत एवढी ओढाताण चाललेली असते यावर माझा विश्वास बसेना.

दोर कधी तुटतोही. पाणी कमी पडलं, ताण फार वाढला, की जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बंद पडते. संवेदनशील मायक्रोफोन लावला तर ताणावरच्या खोडातून असे तुटण्याचे टिकटिक आवाज नोंदवता येतात. वेलीकडे यावर काही प्रमाणात उपाय आहे. छाटणीनंतर काडीच्या टोकातून पाणी ठिबकतं, आपण वेल रडते म्हणतो. ते मुळांनी खालून दिलेल्या दाबाचं पाणी. असाच दाब बंद पडलेल्या काही नळ्या पुन्हा भरायला उपयोगी पडतो. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने कापलेल्या वेलीला काचेची नळी बांधून हा दाब मोजला आणि १७२७ मध्ये छापलाही. रडणाऱ्या वेलीची काळजी करणारे फोन मला दर एप्रिलला येतात. काळजीचं काही नसतं.

पाणी सगळं विरघळवतं, हे वाक्य मात्र पाठ केलं असशील तर विसर. ज्यांच्यावर विद्युतभार आहे किंवा ज्यांना हायड्रोजन बंधासाठी हात आहेत, त्यांना पाणी आपल्यात घेतं: युरिया, पोटॅश, साखर. त्यावरच मुळांचं आणि पेशींचं सगळं देणंघेणं चालतं. पण तेल, मेण, चरबी यांना देण्याघेण्यासाठी हात नसतात. पाणी त्यांना बाहेर ढकलतं, खरं म्हणजे पाणी आपसातले हात सोडायला तयार नसतं म्हणून ते बाहेर पडतात. सजीवांच्या दृष्टीने हे नाकारणं विरघळवण्याइतकंच मोलाचं आहे. पेशीचं आवरण याच नकारामुळे उभं राहतं: स्निग्ध रेणू आपल्या शेपट्या पाण्यापासून लपवत दोन थरांत रांग लावतात. प्रथिनंही बरीचशी याच कारणाने नेमक्या घड्या घालून बसतात. पाण्यात सगळंच विरघळलं असतं तर पेशीला आत आणि बाहेर असा फरकच उरला नसता.

फवारणीत तू हे रोज बघतेस. जीएची (जिबरेलिक आम्ल, मणी फुगवायचं संजीवक) पावडर वडील थेट पाण्यात टाकत नाहीत, आधी ॲसिटोनमध्ये विरघळवून घेतात. तिचा रेणू बराचसा तेलकट बाजूचा असतो. मग टाकीत स्प्रेडर घालतात. मण्यावर पांढरट मेणाचा थर असतो, त्यावर नुसतं पाणी गोळी होऊन घरंगळतं, कारण थेंबातले रेणू एकमेकांना धरून बसतात आणि मेणाला हात लावत नाहीत. स्प्रेडरच्या रेणूचं एक टोक पाण्याचं, दुसरं तेलाचं. तो पृष्ठभागावर घुसून पकड सैल करतो आणि थेंब पसरतो. जास्त झाला तर औषध मण्यावर राहण्याऐवजी खाली ओघळतं, हेही लक्षात ठेव. "जरा जास्तच टाक" हा आपल्याकडचा सार्वत्रिक आजार आहे.

पाणी पसरलं की पाहुणेही येतात. डावणी हा पानांवरचा रोग. त्याचे बीजाणू शेपट्यांनी पोहतात. पानाच्या खालच्या बाजूवर पाण्याचा पातळ पापुद्रा काही तास टिकला की ते पर्णरंध्रापर्यंत पोहत जातात आणि आत शिरतात. पापुद्रा नसेल तर त्यांना वाटच नाही. भुरी या दुसऱ्या, बुरशीच्या रोगाचं उलट आहे. तिच्या बीजाणूंना दमट हवा चालते, पण मोकळ्या पाण्यात पडले तर नीट रुजत नाहीत, कित्येक फुटतातही. म्हणून पावसाळी आठवड्यात मला डावणीची धास्ती असते आणि ढगाळ पण कोरड्या दिवसांत भुरीची.

अवकाळी पावसाने मणी तडकतात त्यालाही हीच ओढ कारण आहे. तयार मण्यात लिटरमागे २०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रेणूंना पाण्याला धरायला भरपूर हात, त्यामुळे आतलं पाणी तिथे गुंतलेलं आणि बाहेरचं मोकळं. मोकळं पाणी आत जायला बघतं, परासरण म्हणतात ते. एवढ्या साखरेचा परासरण दाब हिशेबाने २५ बारच्या पुढे जातो. मेणाचा थर शाबूत असेपर्यंत पाणी आत शिरायला वेळ लागतो. पण घडात पाणी साठून राहिलं, साल भिजत राहिली, मुळांकडूनही पाणी आलं, की साल ताण सहन करू शकत नाही. पाऊस थांबल्यावर घड हलवून पाणी झटकायला सांगतो ते त्यासाठी.

तासगावकडचे लोक या सगळ्याची उलटी बाजू कामाला लावतात. बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्याने मेणाच्या थराची रचना बिघडते आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. शेडमध्ये जाळ्यांवर पंधरा-अठरा दिवसांत चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्यातही पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी शिल्लक असतंच, तरी बुरशी लागत नाही. कारण त्यातलं बहुतेक पाणी साखरेने हात धरून अडवलेलं असतं आणि बुरशीच्या वाट्याला मोकळा रेणू येत नाही. आईच्या मुरांब्याचं आणि लोणच्याचं गणितही हेच, लोणच्यात साखरेच्या जागी मीठ.

राहिलं पाण्याचं असंगत आचरण, ४ अंशांना सर्वांत जास्त घनता आणि बर्फ तरंगणं. गोठताना प्रत्येक रेणू चार हात ताणून चार शेजाऱ्यांना धरतो आणि मधे पोकळी राहते, म्हणून आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं. दल सरोवर वरून गोठतं आणि खाली मासे जगतात ते यामुळे. निफाडला त्याचा फारसा संबंध येत नाही. पण एक गैरसमज काढून टाक: थंडीने पेशी बाटलीसारख्या फुगून फुटतात असं नेहमी होत नाही. बर्फ बहुधा पेशींच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत आधी धरतो आणि आतलं पाणी ओढून घेतो. पेशी थंडीत तहानेने मरते. आपल्याकडे गोठण्यापर्यंत क्वचितच जातं. आपलं नुकसान जास्त करून मण्यांची फुगवण थांबून आणि पिंक बेरी, म्हणजे गुलाबी पडलेले मणी, येऊन होतं, आणि ते दिवसरात्रीच्या तापमानातल्या मोठ्या फरकामुळे.

आता एक काम कर. बाजारात मिळतात ते साधे दोन थर्मामीटर घे. एक पाणी दिलेल्या ओळीत, दुसरा न दिलेल्या ओळीत, दोन्ही घडांच्या उंचीवर, सावलीत टांग. आठवडाभर संध्याकाळी सातला, रात्री अकराला आणि पहाटे पाचला वहीत आकडे लिही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो, तो शेजारी लिही. तुमच्या बागेतला आकडा त्याच्याशी जुळणार नाही आणि तसा तो जुळायलाही नको. तीन रात्री पाणी पहाटे द्यायला सांग, तीन रात्री आदल्या दुपारी. घड काढणीला आले असतील तर मात्र हा प्रयोग पुढच्या हंगामात ठेव, साखर भरताना जादा पाणी नको. वही भरली की मला दाखव. माझ्या अंदाजाने आदल्या दुपारचं पाणी जिंकेल, पण तुमची जमीन काळी आहे की मुरमाड, यावर थोडं अवलंबून राहील.